मागून आलेला आवाज

उडीच्या मनोऱ्याला एकशे ब्याऐंशी पायऱ्या होत्या आणि ती त्या जवळजवळ धावतच चढली होती. तिसावा वाढदिवस, दोन दिवसांची सुट्टी, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही असं गजबजलेलं शहर, आणि सोबत आलेल्या मावसबहिणीने भेट म्हणून काढलेलं बंजीचं तिकीट. वर गार वारा सुटला होता. खाली नदी, नदीवर पर्यटकांच्या रंगीत होड्या, काठावर गाण्याबजावण्याचा गलका. तिच्या अंगात नुसती झिंग चढली होती.

पण रांग पुढे सरकेना.

सगळ्यात पुढे एक उंच माणूस फळीच्या टोकाशी कठडा धरून उभा होता. पाठमोरा. निळा सदरा, मानेवर आलेले केस. दोर बांधणारा त्याला काहीतरी हळूच विचारत होता आणि तो नुसती मान हलवत होता. उडी मारेना, बाजूलाही होईना. एक मिनिट गेलं, दोन गेली…

"अहो साहेब!" ती मागून ओरडली. "एवढीच भीती वाटत असेल तर घरी जाऊन पलंगावरून मारा उडी!"

तिचा आवाज मुळातच खणखणीत. घरात तिला 'तोफ' म्हणत ते उगाच नाही. मनोऱ्यावरची सगळी रांग खो-खो हसली. त्या माणसाने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याचे कान तेवढे लाल झालेले दिसले. मग मान खाली घालून, कठड्याला धरत धरत, तो सगळ्यांच्या बाजूने जिन्याकडे गेला.

आणि तिने उडी मारली. काय उडी होती ती! पोट घशाशी आलं, नदी अंगावर धावून आली, आणि दोराने तिला पुन्हा आभाळात भिरकावलं तेव्हा ती लहान मुलीसारखी किंचाळत हसत होती.

तासाभराने दोघी नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात बसल्या. मावसबहिणीने मोबाइल पुढे केला. "ताई, बघ ना, सगळं शूट केलंय. सुरुवातीपासून!"

सुरुवातीला तिचाच आवाज होता. अहो साहेब…

ती हसायला गेली आणि ओठ तिथेच थांबले. व्हिडिओत तो माणूस जिना उतरत होता. आधी उजवा पाय खाली. मग डावा त्याच्या शेजारी. पुन्हा उजवा. पुन्हा डावा शेजारी.

असं उतरायला माणसाला शिकवावं लागतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती फिजिओथेरपिस्ट होती. गेली सहा वर्षं मोडक्या हाडांच्या माणसांना ती हेच शिकवत होती – चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. अगदी याच आठवड्यात एका निवृत्त पोस्टमास्तरांनी एक उंबरठा ओलांडावा म्हणून ती पंचवीस मिनिटं त्यांचा हात धरून उभी होती. 'घाई नाही आजोबा, दिवसभर थांबू आपण.'

दिवसभर! आणि इथे तिच्याच्याने दोन मिनिटं थांबवलं नव्हतं.

"पुसून टाक तो," ती म्हणाली.

"अगं पण उडी किती मस्त आल्ये! आणि मी तो मघाशीच आपल्या ग्रुपवर टाकला. मामा तर हसून हसून…"

"तिथूनही काढ. आत्ता. माझ्यासमोर."

मावसबहिणीने गुपचूप व्हिडिओ काढून टाकला. पण मामा हसायचा तो हसून झाला होता. संध्याकाळी मेणबत्ती फुंकताना तिला ते लाल झालेले कानच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी परतीची बस चारची होती. मावसबहीण चपलांच्या बाजारात घुसली आणि ही एकटीच गल्ल्यांमधून भटकत राहिली. अकराच्या सुमारास भुरभुर सुरू झाली म्हणून ती एका टोप्यांच्या दुकानाच्या ताडपत्रीखाली शिरली आणि दाराच्या चौकटीला टेकली.

"तिथे नका टेकू… रंग ओला आहे."

उशीर झाला होता. कोपरापासून मनगटापर्यंत निळी रेघ. बुटक्या स्टुलावर बसलेला एक पेंटर दाराच्या खालच्या फळीवर अक्षरं काढत होता. त्याने ब्रश ठेवला, फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि उठला. उजवा पाय किंचित जपत, डाव्यावर भार देत.

तोच सदरा नव्हता, पण तीच मान, तेच केस.

आत्ता सांग, तिने स्वतःला बजावलं. अजून ओळख नाही, पाळख नाही. आत्ता सोपं आहे.

"हात द्या," तो म्हणाला. त्याने तिचं मनगट दोन बोटांत धरलं आणि फार हलक्या हाताने रंग पुसू लागला. त्याच्या पापणीवर निळ्या रंगाचा बारीकसा थेंब होता. "थोडी आग होईल."

"होऊ दे," ती पुटपुटली. मोठ्याने बोलायची छातीच होईना. आवाज ओळखला तर?

"काय म्हणालात?"

"काही नाही… थँक्यू."

"तुम्ही नेहमी इतकं हळू बोलता?"

"हो."

तोफेने एवढं धडधडीत खोटं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं होतं.

"बरं वाटतं," तो हसला. "या शहरात सगळे ओरडतच असतात. होडीवाले ओरडतात, टांगेवाले ओरडतात. आमच्या मालकीणबाई तर टोपीसुद्धा ओरडून विकतात."

"ऐकलं मी!" आतून टोपीवाल्या बाईंचा आवाज आला. "आणि वरची पाटी कधी रंगवणार ते सांगा आधी!"

त्याचं हसू जरा मावळलं. तिने वर पाहिलं. दारावरची मोठी पाटी कोरी होती, नुसती पांढरी. खाली मात्र फळ्यांवर वेलीसारखी वळणदार अक्षरं, प्रत्येक अक्षराच्या पोटाला सोनेरी कड.

पाऊस थांबायला हवा होता. तो थांबेना, आणि खरं सांगायचं तर थांबू नये असंच तिला वाटत होतं. त्याने दुसरं स्टूल पुढे सरकवलं. चहा आला. तो काम करता करता बोलत होता. मधूनच ब्रश हवेत थांबायचा आणि तो तिच्याकडे बघायचा.

"पर्यटक?"

"दोन दिवसांसाठी. वाढदिवस होता काल."

"अरे वा! मग काय काय केलंत?"

तिने कप खाली ठेवला. "काही विशेष नाही…"

"म्हणजे काहीतरी विशेष केलंय," तो म्हणाला. "चेहऱ्यावर दिसतंय. कुणाचं काचेचं सामान फोडलंत?"

"तसंच काहीसं."

तो मनापासून हसला, आणि त्या हसण्याने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या दहा मिनिटांत सांगायला हवं होतं. मग अर्ध्या तासात. आता तास होत आला होता, आणि हा माणूस तिला आवडू लागला होता. दर मिनिटाला सांगणं जास्त अवघड होत होतं, गप्प बसणं जास्त नीच.

पाऊस ओसरल्यावर तो तिला गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेला, आपल्या पाट्या दाखवायला. चष्मेवाल्याची ती माझी, ती औषधांची माझी, तिसऱ्या मजल्यावरचं रंगवलेलं घड्याळही माझंच. उंचावरच्या सगळ्या पाट्या विटल्या होत्या. ताजा रंग होता तो फक्त छातीच्या उंचीपर्यंत.

"दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडलो," तो सहज बोलावं तसं म्हणाला. "मांडीत सळई आहे. हाड जुळलं, पण शिडी बघितली की हात-पाय गळतात. परवा म्हटलं, एकदाच काय ते करून बघू. बंजीचं तिकीट काढलं. उडी नव्हती मारायची हो! तिकिटाशिवाय वर सोडत नाहीत म्हणून काढलं. टोकाला उभं राहायचं, वीसपर्यंत मोजायचं, खाली यायचं. काल गेलो. चौदापर्यंत पोचलोसुद्धा…"

ती चालायची थांबली.

"मग मागून कुणी बाई ओरडल्या. लोक हसले." त्याने खांदे उडवले. "त्यांचं तरी काय चुकलं? पैसे भरून आलेली माणसं, मी वाट अडवून उभा. पण खाली उतरताना ठरवलं, झालं हे आता. पुढच्या महिन्यापासून भावाच्या छपाईच्या दुकानात बसणार. फ्लेक्स छापायचे. त्याला शिडी लागत नाही."

"नका बसू," ती म्हणाली. नेहमीच्या, खणखणीत आवाजात. तो आपोआपच निघाला. "ती… ती मी होते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. गल्लीतून एक टांगा घंटा वाजवत गेला.

"पलंगावरून," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"तुम्हाला सकाळपासून माहीत होतं? मी स्टुलावरून उठलो तेव्हापासून?"

"हो."

"काल तुम्ही मला ओळखत नव्हता," तो अगदी शांतपणे म्हणाला. "त्याचं मला काही नाही. पण आज ओळखत होता… आणि मी आपला बडबडत राहिलो."

तिचे डोळे भरून आले, पण रडण्याचासुद्धा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिने ते गिळले. तो वळला आणि चालू लागला. सपाट रस्त्यावर त्याचं लंगडणं जेमतेम दिसत होतं. तिला तेवढंच दिसत होतं.

चारची बस तिने गाठली. मावसबहीण वाटेत तीनदा "काय झालं गं?" म्हणाली आणि मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

घरी आल्यावर आठ दिवस तिने कागदावर कागद फाडले. शेवटी जे पत्र टोप्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर गेलं त्यात माफीची एकच ओळ होती: 'मी दोनदा चुकले. एकदा ओरडले तेव्हा आणि एकदा गप्प बसले तेव्हा.' बाकी सगळी तिच्या कामातली माहिती. मनोऱ्यावर एकदम जायचं नसतं. शिडीची पहिली पायरी, तिच्यावर शंभर आकडे, आठवडाभर रोज. मग दुसरी. भीती वाटली तर एक पायरी खाली यायचं, जमिनीवर नाही. उत्तर पाठवायची गरज नाही.

उत्तर आलंही नाही. महिना गेला. दवाखान्यात पोस्टमास्तर एके दिवशी अख्खा जिना चढले, टाळ्या वाजल्या, आणि ही औषधांच्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आली.

मग एक कार्ड आलं. मागे काही मजकूर नाही. पुढे निळा, सोनेरी कडेचा, डौलदार आकडा: ३.

दहा दिवसांनी दुसरं: ४. मग ५. तिने ती टेबलाच्या खणात ठेवली आणि दिवसातून चारदा खण उघडू लागली. ६ च्या कार्डावर आकड्याखाली पहिल्यांदाच बारीक अक्षरात ओळ होती: 'पाटी आठव्या पायरीवर आहे. खाली शिडी धरायला माणूस लागेल. बाजारात मिळत नाही.'

रविवारी सकाळी दहाला ती टोप्यांच्या दुकानासमोर उभी होती.

"आलात," तो म्हणाला.

"आले."

त्याने रंगाचा डबा कमरेला अडकवला. तिने शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले. तो चढू लागला – डावा आधी, मग उजवा. पाचव्या पायरीवर थांबला. सहाव्यावर शिडी थरथरली. तो थरथरत होता. तिने दात ओठांत रोवले.

"बोला ना काहीतरी," वरून आवाज आला.

"मी नाही बोलणार. एकदा बोलले ते पुरे झालं."

"बोला हो… गप्प राहिलात की वाटतं, खाली कोणी नाही."

मग ती बोलत सुटली. दवाखान्यातल्या गोष्टी, पोस्टमास्तरांनी जिन्यावर वाजवलेली शिट्टी, मावसबहिणीच्या सात जोडी चपला. तिच्या आवाजाने टोपीवाल्या बाई बाहेर आल्या, समोरचा चष्मेवाला बाहेर आला. वर ब्रश टेकला आणि पांढऱ्या पाटीवर पहिलं निळं वळण उमटलं.

दीड तासाने तो खाली उतरला तेव्हा सदरा घामाने भिजला होता. पाटीवर तीन अक्षरं झाली होती, त्यातलं एक वाकडं. दोघं पायरीवर टेकली.

"आई विचारते, ही आकड्यांची कार्डं कोण पाठवतं," ती म्हणाली. "तिला वाटतं, मी लॉटरी लावते."

"मग काय सांगितलंत?"

"पेशंट आहे म्हणून."

"म्हणजे पुन्हा खोटं."

"…हो." तिची मान खाली गेली. "आज जाऊन खरं सांगते."

"पण खरं काय आहे?" तो बोटं पुसत होता, तिच्याकडे बघत नव्हता.

"तुम्हाला माहीत आहे."

"मला कुठे? मी तर पेशंट."

"सांगेन, एक पेंटर आहे…" तिचा आवाज एवढा बारीक झाला की त्याला कान जवळ आणावा लागला. "…आवडतो मला."

तीन महिने तिला स्वतःची लाज वाटत होती. आज ती पहिल्यांदा लाजली. अशी लाजली की टोपीवाल्या बाईंनी उगाचच आत जाऊन टोप्यांवरची धूळ झटकायला घेतली.

त्याची बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसतच राहिला.

"बस चारचीच आहे का?"

"हो."

"पाचलाही एक असते," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "सहालाही."