नऊ नंबरची खुंटी

एक होती कपडेवाली बाई, एक होती तिची सहा वर्षांची लेक, आणि एक होती रिकामी खुंटी. हसू नका रे. त्या बाईला तुम्ही सगळे मोठी आजी म्हणता. माझी थोरली जाऊ. तिनं मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझा हात सोडला नव्हता. दिवा बारीक करा आणि जवळ सरका.

ती सिस्टरांची मुलींची शाळा आज दोन मजली दिसते तुम्हाला. सुरू झाली तेव्हा ते मालाचं जुनं गोदाम होतं. चार सिस्टर आल्या, बोटीतून उतरून थेट. मुली अकरा, राहायलाही तिथंच. खोक्यांच्या फळ्या ठोकून बाकं केली. लोक म्हणायचे, पोरीला अक्षर आलं की ती उलटं बोलते. खोटं नाही ते, बोलतेच! पण त्या चौघी हटल्या नाहीत. मुली वाढल्या, तसं वरच्या मजल्यावर बोर्डिंग झालं. आमची जाऊ तिथं कामाला लागली तेव्हा शाळेला अठ्ठावन्न वर्षं झाली होती आणि चौघींतली एकच उरली होती. सत्त्याहत्तर वर्षांची. तिला सगळे इस्त्रीवाल्या सिस्टर म्हणायचे, कारण धुलाईघर तिच्या ताब्यात.

दीर गेल्यावर जावेनं हे कपडे धुण्या-टाचण्याचं काम धरलं. राहायला धुलाईघराला लागून एक खोली. नोकरी मिळताना विचारलं होतं, "लिहितावाचता येतं ना?" ही म्हणाली, "चौथी पास." कसली चौथी! आकडे ओळखायची, बाकी सगळं माझ्यासारखंच. पण तिच्या मनात एकच होतं. आपलं गेलं ते गेलं, लेक या शाळेत बसली पाहिजे. खोटं उघडं पडलं तर नोकरी जाणार आणि लेकीची जागाही. म्हणून कागद समोर आला की ही मान डोलवायची.

बोर्डिंगच्या प्रत्येक मुलीला नंबर. तो लाल दोऱ्यानं तिच्या सगळ्या कपड्यांवर, गळ्यापाशी आतून टाचायचा. धुलाईघरात त्याच नंबरची खुंटी, वर त्याच नंबरची खाट. नऊ नंबरची खुंटी मात्र कायम मोकळी. जावेनं विचारलं तर इस्त्रीवाल्या सिस्टर म्हणाल्या, "ती मोडलीय." जावेनं ओढून पाहिली. चांगली घट्ट होती.

मग नवीन मदर आल्या, दुसऱ्या गावाहून. कामाला वाघीण. त्यांनी जावेच्या लेकीला बोर्डिंगमध्ये घेतलं, फुकट. म्हणाल्या, "जागा शोधायला नको. नऊ रिकामाच आहे. टाचा नऊ." जावेला आनंद मावेना. रात्र रात्र बसून तिनं लेकीसाठी नवा फ्रॉक शिवला, वाढत्या अंगाचा, खाली चार बोटं दुमड ठेवून. एकूण सहा कपडे, सहांवर लाल नऊ.

लेक वर झोपायला गेली तो गुरुवार. सिस्टरांच्या मौनाचा तिसरा दिवस. वर्षातून आठ दिवस त्या कुणाशी चकार शब्द बोलत नाहीत, खुणासुद्धा कामापुरत्या. संध्याकाळी इस्त्रीवाल्या सिस्टर धुलाईघरात आल्या आणि खुंटीवरचा फ्रॉक पाहून थबकल्या. गळा उलटून बघितला. तोंड पांढरं पडलं. ओठ हलले, पण आवाज नाही काढला. खिशातून पेन्सिल काढून एका चिठ्ठीवर भराभर लिहिलं, ती जावेच्या हातात दिली. तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. दारातून वळून त्यांनी डोळ्यांनी विचारलं, कळलं?

जावेनं मान डोलावली.

कांजीबिंजीचं काही असेल, म्हणून चिठ्ठी बटणांच्या डब्यात टाकली.

पावणेबाराला जाग आली. भिंतीपलीकडे कुणीतरी मोजत होतं.

"सहा... सात... आठ..."

थांबलं. मग परत. "एक... दोन..."

जावेला वाटलं, लेक घाबरून खाली आली. मेणबत्ती घेऊन गेली. खुंट्यांपाशी एक पोर उभी. सात-आठ वर्षांची. अनवाणी. डोकं भादरलेलं. अंगाला नुसती चादर गुंडाळलेली. खुंट्या हातानं चाचपत होती.

"...आठ... नऊ."

हात फ्रॉकवर थांबला. तिनं वळून पाहिलं.

"हे माझे ना? मला थंडी वाजतेय."

जाऊ एक पाऊल मागे सरली.

"द्या ना."

जाऊ गप्प.

"तुम्हीपण नाही बोलत..."

पोर जिन्याकडे गेली. पायांचा आवाज नाही. फक्त मोजणं. वर... आणखी वर...

"तीन... चार..."

खाटा! जावेच्या डोक्यात लखकन आलं. लेकीच्या अंगातल्या झग्यावर नऊ आहे. खाटसुद्धा नऊ. मेणबत्ती टाकून ती धावली. अंधारात गुडघा फुटला. वर पोचली तेव्हा मोजणं थांबलं होतं.

खिडकीतल्या चांदण्यात दिसलं, नवव्या खाटेशी पोर वाकलेली. एक बोट लेकीच्या गळ्यापाशी, टाक्यांवर. लेक झोपलेली. तोंडातून वाफ निघत होती. ओठ निळे.

वाफ थांबली.

"ए!" जाऊ बोलली. कशी बोलली, देव जाणे. "ते तिचं आहे. तुझं वेगळं शिवलंय मी. खाली आहे. चल."

बोट हललं नाही...

"चल गं बाळ. ऐकतेय मी तुझं. चल, घालून देते."

बोट उचललं गेलं. लेकीनं खोल श्वास घेतला.

खाली येऊन जावेनं तो नवा फ्रॉक तिच्या अंगात घातला. पाठ म्हणजे बर्फाची लादी. बटणं पाच. बोटं बधिर झाली तरी पाचही लावली. भीती तोंडावर दिसू नये म्हणून बोलतच राहिली. "थोडा ढगळ होतोय. वाढशील तसा बसेल." मग आपण काय बोललो ते कळून तिनं ओठ चावला.

पोरीनं खिशात हात घालून पाहिला. खिसा आहे म्हणून हसली.

मग खांद्यावरची चादर जमिनीवर पडली, आणि आत कुणी नव्हतं, फ्रॉकही नाही.

रात्रभर जावेनं दातांनी टाके उसवले, उरलेल्या पाचही कपड्यांचे. लेकीचा झगा तिच्या अंगावरच उसवला. उजाडताना इस्त्रीवाल्या सिस्टर आल्या. जमिनीवरची चादर पाहिली आणि मौन मोडलं.

"वाचलं नाहीस तू?"

"येत नाही मला वाचता," जाऊ म्हणाली. "हाकला आता."

सिस्टर कपड्यांच्या टोपलीवर मटकन बसल्या. "हाकलू कशाला? तोंड असून मी कागद दिला." मग सांगितलं. शाळेचं पहिलं वर्ष. अकरा मुलींतली नववी तापानं पडली. साथ पसरू नये म्हणून तिचे सगळे कपडे जाळले. रात्री उशाशी ही एकोणीस वर्षांची सिस्टर. मौनाचे दिवस. पोर रात्रभर म्हणत होती, थंडी वाजतेय, माझे कपडे द्या. कपडे राहिलेच नव्हते, आणि नियम मोडायची छाती नव्हती. ही नुसती मान हलवत राहिली. पहाटे पोर गेली, कुणी बोलावं म्हणून वाट बघत.

त्या गोष्टीनंतर सिस्टर तीन आठवडे जगल्या. जावेच्या खोट्याबद्दल कुणाला बोलल्या नाहीत. जावेच्या लेकीला महिनाभर ताप होता, पण उठली. दुसरीत गेल्यावर तिनं बटणांच्या डब्यातली चिठ्ठी बोट ठेवून वाचून दाखवली. "आजच नऊ नंबर उसव. ती आली तर गप्प राहू नकोस. मी राहिले होते."

आता तीच लेक, तुमची मोठी आत्या, त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळेनं दिलेल्या घरात आईला फुलासारखं जपते. आम्हा सगळ्यांचे दिवस तिच्यामुळेच पालटले. आणि जाऊ या वयात पेपर वाचते, मोठ्यानं, समोरच्याला झोप येईपर्यंत.

फक्त मौनाच्या तिसऱ्या रात्री मायलेकी धुलाईघरात जातात. टोपलीत एक फ्रॉक आलेला असतो, धुवायला टाकलेला. जावेचाच टाका, लाल नऊ. त्या धुतात, इस्त्री करून खुंटीला लावतात. सकाळी खुंटी रिकामी.

खिशात दर वर्षी तोच एक खडू सापडतो. मागच्या वर्षीपेक्षा थोडा जास्त झिजलेला.