रिकाम्या केबलचा भार

शुक्रवारी सकाळी देविका मस्कतच्या रुवीहून निघाली तेव्हा मागच्या सीटवर नवी बॅटरी होती आणि बॅटरीला सीटबेल्ट लावलेला होता. आप्पा तसंच करायचे. सहम गाव जवळ आलं ते तिला वासावरून कळलं. किनाऱ्यावर तारल्या वाळत घातल्या होत्या.

आप्पा म्हणजे तिचे वडील, बाळकृष्ण पेडणेकर, देवगडचे. सहमच्या एका अर्बाबकडे, म्हणजे अरब मालकाकडे, फिटर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. ईदच्या दिवसांत हा अर्बाब किनाऱ्यावरच्या गावोगावी लाकडी घोड्यांचा गोल पाळणा लावायचा. पाळणा ओढायला आणि त्याला वीज पुरवायला त्यानं विलायतेहून एक जुना हॉलेज ट्रॅक्टर आणला होता. दिसायला लॉरीसारखा, पण आखूड, छातीनं रुंद, आणि केबिनच्या मागे पिंपाएवढा डायनॅमो. तिकडे जत्रेवाल्यांसाठीच अशी यंत्रं बांधत. पुढे पाळणा विकला गेला, अर्बाब वारले. ट्रॅक्टर तेवढा आप्पांनी राखला. सुटे भाग कुठेच मिळत नसत, ते त्यांनी स्वतः लेथवर काढले. मरून रंगावर सोनेरी रेघा ओढल्या, छपराच्या कडेनं रंगीत दिवे लावले, पितळी खांब चिंचेनं घासले. एप्रिलमध्ये ते त्याच्याच पायरीवर बसलेले सापडले. मांडीवर पुसायचं फडकं होतं.

आता अर्बाबच्या मुलाला, अम्मारला, त्या जागेवर दुकानं बांधायची होती. बरका गावचा एक हौशी संग्राहक ट्रॅक्टर न्यायला तयार होता, पण डायनॅमो वीज देत असेल तरच.

"मी नमाज पढून येतो," अम्मारनं फोनवर सांगितलं होतं. "करंट दिया तो तुम्हारा. नहीं दिया तो खलास, मॅडम. शिरीष काटेगा."

शिरीष बोरीच्या सावलीत गॅस कटरच्या नळ्या उलगडत बसला होता. चिपळूणचा. वेल्डिंग तो आप्पांकडेच शिकला होता.

"ताई, मला शिव्या घाला," तो म्हणाला. "पण व्हिसा आता अम्मारच्या हातात आहे."

"शिव्या नंतर. आधी बॅटरीचं एक टोक धर."

तो हसला आणि उठला. "आवाज अगदी आप्पांचा."

पत्र्याच्या शेडखाली ट्रॅक्टर उभा होता. डायनॅमोच्या पॅनेलवरून जाड काळी केबल निघून वाळूवरून पलीकडे गेली होती, पाळणा जिथे उभा राहायचा तिथे. ती जागा अजून ओळखू यायची. आवारभर काटेरी गवत माजलं होतं. तेवढं वर्तुळ मात्र चोपलेल्या अंगणासारखं साफ होतं. केबलचं दुसरं टोक तिथे तसंच पडलेलं होतं. त्यातली तांब्याची तार हिरवी पडली होती.

देविका लहानपणी एका ईदला इथे आली होती. त्या पाळण्यात बसली होती आणि उतरायला काही केल्या तयार नव्हती. आप्पा इकडे ट्रॅक्टरशी, बॉनेटवर तळवा टेकून. पाळण्याकडे त्यांची पाठ असायची. "पोरं बसली की भारानं इंजिन वाकतं," ते सांगायचे. "तू बसलीस तेही मला काट्यावर कळायचं." पुढे ती विजेची इंजिनिअर झाली, मस्कतमध्ये नोकरीला लागली. मग तिनं त्यांना गणित मांडून दाखवलं होतं, की एवढ्याशा पोरीच्या वजनानं वीज मोजणाऱ्या अँमीटरचा काटा हलत नसतो.

"इतरांचा नसेल हलत," आप्पा म्हणाले होते. "तुझा हलायचा."

नवी बॅटरी जोडल्यावर इंजिन खोकलं, काळा धूर सोडला, आणि लागलं. शेडचा पत्रा थरथरला. देविकानं डायनॅमोचा खटका दाबला. छपराकडेचे दिवे लागले, लाल, हिरवे, पिवळे, भर उन्हात. अँमीटरचा काटा शून्यावरून जरासा वर आला. दिव्यांपुरता.

"झालं!" शिरीष ओरडला. "आप्पा, झालं हो!"

ती मोबाइलवर चित्रण करायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला फक्त कुणाशी तरी भांडून जिंकल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात दिवे मंदावले.

इंजिनचा आवाज खाली गेला. चढ लागल्यावर जातो तसा, पोटातून. काटा सावकाश वर चढला आणि तिथेच राहिला. मग काही वेळानं उतरला. दिवे उजळले. आणि माणसं उतरून दुसरी बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळानं इंजिन पुन्हा वाकलं.

"कुठेतरी शॉर्ट असेल," शिरीष म्हणाला.

"शॉर्ट असा थांबून थांबून होत नाही." तिनं दिव्यांचं बटण बंद केलं. काटा वरच. मग तिनं रबरी हातमोजे चढवले आणि पॅनेलवरून केबलच उपटली. निळी ठिणगी उडाली. चालता भार तोडला की उडते तशी. केबल तिच्या हातात लोंबत राहिली.

काटा तरीही वरच राहिला.

अम्मार आला तो पायघोळ, पांढऱ्याशुभ्र दिशदाश्यात, अत्तराचा वास घेऊन. आधी तो हसला. "माशाल्ला! बालू की गाडी!" आप्पांना तो बालूच म्हणायचा. मग त्याचं लक्ष तिच्या हातातल्या केबलकडे गेलं, तिथून काट्याकडे. इंजिन वाकलेलं त्यालाही ऐकू आलं. लहानपणी तोही त्या पाळण्यात बसला होता. त्या आवाजाचा अर्थ त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"बंद करो."

"का?"

"मॅडम, ये करंट किसको दे रहा है?"

"ते तुम्ही विचारलं नव्हतं," देविका हिंदीत म्हणाली. "करंट देतो का, एवढंच विचारलं होतं. देतोय."

"शिरीष! यल्ला, काटो इसको!"

शिरीषनं कटर पेटवला. निळी ज्योत फसफसली. देविका केबल आणि हातमोजे टाकून पायरीवर जाऊन बसली, आप्पा बसायचे तिथेच, आणि दोन्ही बाजूंचे पितळी खांब तिनं घट्ट धरले. पितळ तापलं होतं. तिनं हात काढले नाहीत.

"तुमचा शब्द होता, अम्मार. नमाजेआधी दिलेला."

"तुमको डर नहीं लगता?"

"वाटते," ती म्हणाली. "पण उठणार नाही."

शिरीषनं ज्योत विझवली. "व्हिसा गेला तर गेला," तो पुटपुटला. "देवगड-चिपळूणला काय वेल्डर लागत नाहीत?"

अम्मारनं विझलेल्या कटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्यानं मान खाली घातली. "ले जाओ. आज ही," म्हणाला आणि मागे न बघता गाडीकडे गेला.

बरकाचा ट्रेलर संध्याकाळपर्यंत येणार होता. इंजिन चालूच होतं.

"ताई, आता बंद करायचं ना?"

"थांब. तू काट्यावर लक्ष ठेव."

ती त्या वर्तुळाकडे निघाली. जमिनीत जुनी वायर पुरलेली असेल, ओल असेल, काहीतरी असेल. हातातली केबल आठवली तेव्हा यातलं काहीच खरं नाही हे तिला कळलं, तरी ती चालत राहिली. भीती वाटली की जवळ जाऊन बघावं, हे तिला आप्पांनीच शिकवलं होतं.

तिनं वर्तुळात पाऊल टाकलं.

वारा नव्हता. कुंपणापलीकडच्या खजुराचं एक पान हलत नव्हतं.

तरी वारा तिच्या उजव्या गालाला लागला. मग मानेला. मग डाव्या गालाला. तारल्यांचा वास समोरून आला, गेला, आणि पुन्हा समोरून आला.

ती उभीच होती. पाय जमिनीवर होते.

"ताई!" शेडमधून शिरीषची हाक आली. "काटा केसभर आणखी वर गेला बघा! तुम्ही काय केलंत?"

आणखी थोडा वेळ तिनं ते वारं अंगावर घेतलं. मग ती सावकाश वर्तुळाबाहेर आली, गवतातून चालत शेडपाशी पोचली आणि शिरीषच्या मागे उभी राहिली. वारा थांबला होता.

शिरीषची नजर काट्यावरच होती.

"अजून खाली येत नाही," तो तसाच पाठमोरा ओरडला. "उतरा आता, ताई."

"मी इथे आहे, शिरीष."

तो दचकून वळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग वर्तुळाकडे. काटा केसभर वरच होता, कुणी उतरायला तयार नसल्यासारखा. त्याचा हात इंजिन बंद करायच्या दांड्याकडे गेला.

"नको," देविका म्हणाली आणि बॉनेटवर तळवा टेकवला. "फेरी पुरी होऊ दे."