दोन सेलची राखण

"अगं बाई, मेलं की काय..." मी भिंतीतल्या प्लगकडे बघत पुटपुटले.

"तुमचं माहीत नाही," दाराबाहेरून आवाज आला, "माझी दाढी मात्र अर्धी राहिली."

परक्या देशातल्या अतिथिगृहात, रविवारी भर दुपारी, कोणी मराठीत उत्तर देईल असं वाटलं नव्हतं. दार उघडलं. शेजारच्या खोलीतला माणूस दाढीचं बंद पडलेलं मशीन घेऊन उभा होता. एक गाल गुळगुळीत, दुसरा जंगल. अख्ख्या मजल्याची वीज गेली होती, आणि घालवली होती मी.

"काय लावलं होतंत?"

मी बाबांचा छोटा रेकॉर्डर दाखवला. तो चार्जिंगच्या स्टँडवर होता, आणि स्टँडला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. त्याने स्टँड उलटा करून बारीक अक्षरं वाचली.

"हा एकशेदहा व्होल्टचा आहे. इथे दोनशेतीस. तुमच्या घरीही दोनशेतीसच असणार. मग तिथे कसा चालायचा?"

"बाबा मध्ये एक जड खोकं जोडायचे."

"म्हणजे व्होल्ट उतरवणारं खोकं. ते कुठाय?"

"घरी ठेवलं... बॅगेचं वजन वाढत होतं. मला वाटायचं, बाबांना उगाच पसारा मांडायची हौस. इथली पिन विकत घेतली, ती नीट बसली..."

"पिन बसली म्हणजे वीज जुळली असं नाही. नुसती उंची बघून लग्न ठरवतात का?"

"ठरवतात. आमच्या आत्याचं ठरवलं होतं."

"मग?"

"आत्या अजून धुमसतेय."

तो मोठ्याने हसला. "बाबांना फोन करून विचारा, दुसरा चार्जर—"

"बाबा आठ महिन्यांपूर्वी गेले."

त्याने हात खांद्यावरच्या टॉवेलला पुसले आणि मग रेकॉर्डर दोन्ही हातांनी घेतला. "यात त्यांचा आवाज आहे?"

मी मान हलवली. घरी ऐकायचं धाडस होत नव्हतं. पलीकडच्या खोलीत आई असायची. ऑफिसच्या कामाने इथे आले, तेव्हा ठरवलं, एकटीने ऐकायचं.

"स्टँड गेला. पण जळताना त्याने रेकॉर्डरला वाचवलं असावं."

"असावं?"

"खोटा धीर देत नाही मी. हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करतो, तिथे ती सवय परवडत नाही."

वीज आल्यावर त्याने आपल्या अवजारांच्या पिशवीतून एक चार्जर काढला, त्यावरचं 'शंभर ते दोनशेचाळीस' मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि रेकॉर्डरमधले दोन्ही सेल त्यात बसवले. पलंगावर ठेवू दिला नाही. फरशीवर, पडद्यापासून लांब.

"आता बाहेर फिरून यायचं का?" मी विचारलं.

"जुने सेल आहेत. राखण करावी लागते."

मग आम्ही फरशीवर बसून राखण केली. तो मधूनमधून सेलला बोटांची मागची बाजू लावायचा, ताप बघावा तशी. मी बाबांबद्दल सांगत गेले... ते प्रवासाला निघताना वायरींना चिठ्ठ्या बांधायचे, ते बोलताना आधी घसा खाकरायचे. तो ऐकत होता. दाढी अर्धीच होती, आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं.

"एक सांगू?" तो खाली बघत म्हणाला. "सेल तासाभरापूर्वीच भरलेत. मी प्लग काढून ठेवलाय. सांगितलं नाही, कारण... मग मला उठावं लागलं असतं."

"पाहिलं होतं."

"काय?"

"प्लग काढताना. मीही बोलले नाही."

त्याने चार्जरमधून सेल काढून माझ्या हातावर ठेवले. मी सेल रेकॉर्डरमध्ये घातले. छोटा दिवा लागला. माझा अंगठा बटणावर थांबला, आणि तो न सांगताच उठला, दाराकडे निघाला.

"थांब ना," मी म्हणाले. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, कळलं नाही. "मला वाटत होतं, हे एकटीने ऐकायचं असतं."

तो परत आला, शेजारी बसला. मी बटण दाबलं. थोडी खरखर झाली. मग कोणीतरी घसा खाकरला.