वाट्याचं दूध

अद्वैतला जुनी देवळं आवडतात. लग्नाआधी मलाही आवडायची. त्या हिवाळ्यात त्याने ठरवलं की दर रविवारी अकोल्याहून गाडी काढायची आणि एखादं ठिकाण बघून यायचं. आमची पूर्णा पाच महिन्यांची झाली होती, तिला घेऊन फिरायला काय हरकत होती? पूर्णाची तर नव्हतीच. गाडी सुरू झाली की ती झोपायची.

पातूरच्या लेण्यांत मी भिंतीकडे तोंड करून तिला पाजलं आणि पाठीमागे कॉलेजची पोरं फोटो काढत राहिली. बाळापूरच्या किल्ल्यापाशी गाडीच्या काचांना टॉवेल लावून बसले. चपला इथे काढा, भिंतीवर नावं लिहू नका, अशा पाट्या सगळीकडे असतात. अंगावर पाजणाऱ्या बाईने कुठे बसावं, ही पाटी मी अजून पाहिलेली नाही. दगडाच्या आयांना कोनाडे मिळालेत. मला आडोसा मिळत नव्हता.

"तू फार त्रागा करतेस चारुता," सासूबाई म्हणायच्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. "मी याला मस्टरवर सही करता करता पाजलंय."

"म्हणूनच माझं अक्षर असं आहे," अद्वैत म्हणायचा, आणि दोघं हसायची.

त्या रविवारी आम्ही म्हैसांगच्या पुढे, जिच्यावरून मुलीचं नाव ठेवलं ती नदी ओलांडून, दर्यापूरच्या अंगाला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. कुणी बाळंतीण हौसेने जायला नको. खारपाणपट्ट्यातली सपाट काळी जमीन, हरभऱ्याला घाटे धरलेले, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या तशाच उभ्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये हेमाडपंती देऊळ. चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले दगड. सभामंडपाचं छत कधीचंच गेलेलं. गुरव नाही, दिवा नाही. अद्वैत कॅमेरा घेऊन खांबांमध्ये शिरला तो दिसेनासाच झाला.

पूर्णा गाडीत सासूबाईंच्या मांडीवर, माझ्या ओढणीखाली झोपली होती. सकाळपासून प्यायली नव्हती. माझी छाती इतकी टणक झाली होती की कुर्ता घासला तरी डोळ्यांत पाणी येत होतं.

"उठवू का तिला?"

"झोपलं लेकरू उठवू नये. जा, तूही बघून ये."

मी देवळाच्या मागे गेले. मागच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर एक कोनाडा होता. आत मांडी घालून बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर मूल. बाईचा चेहरा झिजून गेलेला. मुलाचं डोकं मात्र शाबूत, जरासं मागे कललेलं. तोंडाच्या जागी एक खळी, अंगठा मावेल एवढी आणि आतून गुळगुळीत. तेल ओतत असतील असं वाटलं. वाकून वास घेतला, तर तेलाचा नव्हता. आंबूस होता. पूर्णाच्या लाळेऱ्याला येतो तसा.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दूध साठलं की गाठ होते आणि गाठीत पू होतो, हे मला कुणी सांगायला नको. जागा आडोशाची होती. कुर्त्याची चेन उघडली, गुडघे टेकले आणि हाताने दूध काढायला लागले. मातीत सांडायला मन घेईना, म्हणून खळीत सोडलं.

खळी भरून वाहायला हवी होती. वाहिली नाही. काळा पाषाण पाणी पीत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी हात बाजूला केला तरी धार थांबली नाही. दुखणं उतरत गेलं. इतकं बरं वाटलं की माझे डोळे मिटले.

"कधी गेलं वं माय?"

मागे एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, डोक्यावर तुराट्यांचा भारा.

"काय कधी गेलं?"

"लेकरू."

"माझी मुलगी गाडीत झोपलीय."

तिने भारा खाली टाकला. माझ्या उघड्या चेनकडे बघत राहिली.

"मंग याले काहून पाजून राहिली तू?"

दुखत होतं, जागा नव्हती, असं काहीबाही मी बोलले.

"ज्या बाईचं लेकरू जाते ना, थे येते इथं. ज्याच्या वाट्याचं होतं थो तं राह्यला नाई, मंग याले देते. देल्लं की अंगावरचं आटते. मीनं बी देल्लं." ती खळीकडे न बघता बोलत होती. "जितं लेकरू असून कोनं देल्लं नोतं आजलोक."

"मग आता?"

"मले काय मालूम? जाय, पोरीले पाह्य पयले."

मी पळत सुटले. पूर्णा होती तशीच होती. मी तिच्या नाकाशी बोट धरलं.

"काय गं, मागे कुत्रं लागलं का?" सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर पूर्णाला पदराशी घेतलं. तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, तर पाठीची कमान करून किंचाळली. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी तोंड पाहिलं, कान पाहिले, बाळं रुसतात कधी कधी, म्हणाले. पावडरचं दूध ती सासूबाईंच्या हातून प्यायची, माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघत. वजन मात्र वाढेना. तिच्या मांड्यांवरच्या वळ्या, ज्यांत मी रोज पावडर लावायचे, त्या एकेक करून गेल्या.

"आईचं मन बाहेर भटकत असलं की दुधाला चव राहत नाही," सासूबाई अद्वैतला म्हणाल्या. मला ऐकू येईल अशा बेताने.

आणि दूध आटलं नव्हतं. रोज दुपारी, पूर्णा दुसऱ्या खोलीत झोपलेली असताना, छातीत कळ यायची, पान्हा सुटायचा आणि ओढ लागायची. दोन घोट, एक श्वास. दोन घोट, एक श्वास. मग छाती हलकी व्हायची. कुर्ता कोरडा. आत रुमाल ठेवून पाहिला, तोही कोरडा. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. ते जंतूंबद्दल.

अद्वैतला सांगितलं. "हार्मोन्स गं," तो म्हणाला, आणि देवळाचे फोटो कुठल्या क्रमाने लावू ते विचारायला लागला.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "पोरगी पीत नाही तर तोडून टाक ना दूध. कडुलिंब लाव. आमच्याकडे तेच करायचे."

मी अंगणातला पाला वाटला आणि लावला. दुपारी कळ आली, ओढ लागली. एकच घोट. मग असा झटका बसला, कुणी तोंड हिसकून घ्यावं तसा. त्यानंतर काही नाही.

संध्याकाळी अंग धुऊन पूर्णाला घेतलं. तिने वास घेतला. थोडी थांबली. आणि प्यायला लागली. माझ्या कुर्त्याची चुणी मुठीत धरून, डोळे मिटून, नाकाने शिट्टीसारखा आवाज करत. मी हललेच नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

"बघ, मनावर घेतलं की होतं," सासूबाई म्हणाल्या. मला पूर्णा मिळाली होती, त्यांना त्यांचं म्हणणं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण दुपार झाली की मी हातातलं काम टाकून बसायचे. काही व्हायचं नाही. कुणाला तरी ताटावरून उठवल्यासारखं वाटत राहायचं. एका शनिवारी मीच अद्वैतला म्हटलं, त्या देवळाचे फोटो राहिले असतील ना तुझे? त्याला केवढा आनंद झाला.

पूर्णा गाडीत पोटभर प्यायली आणि सासूबाईंच्या मांडीवर झोपली. मी मागे गेले. ती तुराट्यांवाली बाई कोनाड्याशी बसली होती. नाव विचारलं, तर मैना म्हणाली.

"याले कडू कोनं लावलं?" तिने विचारलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिला उत्तर मिळालं.

"दोन बाया येऊन गेल्या. घेत नाई थे कोनाचंच. त्या बायाइचं दूध आटून नाई राह्यलं. लेकरू गेलं अन् दूध जात नाई, काय होते मालूम हाये तुले?"

"माझी मुलगी उपाशी होती, मैना."

"हो," ती म्हणाली. "हे बी कोनाचं लेकरूच असन." आणि उठून शेताकडे निघून गेली.

मी एकटीच राहिले.

खळीत हिरवं वाळून बसलं होतं. वाटलेला पाला, शिरांसकट. मी घरी वाटलेला.

ओढणीचं टोक ओठांनी ओलं केलं आणि पुसायला लागले. कडेकडेने, पूर्णाचं तोंड पुसते तसं.

आतलं निघेना. बोट घातलं.

बोट धरलं गेलं. मऊ, ओल्या हिरड्यांनी.

"चारुता!" गाडीकडून सासूबाईंची हाक आली. "उठली गं ही! ये लवकर!"

पूर्णा रडत होती. तिचं रडणं मी शंभरांत ओळखते. कुर्ता दोन्हीकडून भिजायला लागला.

"आले, आले," मी म्हणाले, आणि मोकळ्या हाताने तिथेच चेन उघडली.