कॉन्टेसाचा नवा गॅस

वैशाखाच्या उन्हात आबांना अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं, तर त्यांच्या जुन्या कॉन्टेसाचा एसी चालायलाच हवा होता. म्हणून रेणुका गाडी घेऊन संग्रामपूरला, वरवट रस्त्यावरच्या एसी-मेकॅनिक गुलाम रसूलकडे आली. आबांना तिने घरी वहिनीच्या भरवशावर सोडलं होतं. रात्र-रात्र उशाशी बसून वडिलांचा श्वास तिला पाठ झाला होता. लांब ओढ, मध्येच एक अडखळ, मग सुस्कारा.

"याचा जुना गॅस आता भेटत नाही, ताई," गुलाम रसूल म्हणाला. "नव्यावर करून देतो. तेल बदलतो, रबरी रिंगा बदलतो."

उरलासुरला जुना गॅस त्याने सिलिंडरमध्ये काढून घेतला. दुपार कलली. सातपुडा उन्हाच्या धुरकट झळांत दिसेनासा झाला होता. सगळं बसवून झाल्यावर त्याने पंप लावून पाइपांतली हवा ओढून काढली आणि पंप बंद करून दाबाच्या मीटरकडे बोट दाखवलं.

"आता काटा हलला नाही पाह्यजे. चढला, तर कुठंतरी लीक हाये."

काटा चढला. मध्येच अडखळला. मग सावकाश खाली आला, आणि पुन्हा चढला.

"लीक असता तर चढतच गेला असता," तो पुटपुटला. "खाली काऊन येऊन राह्यला?"

ओढ, अडखळ, सुस्कारा. रेणुकाने ती लय ओळखली. त्याने पुन्हा पंप सुरू केला, तोच तिचा फोन वाजला. संजीवनीवहिनी रडत होती.

"ताई, मामाजी तडफडून राह्यले! कोणी छातीतली हवा ओढून घेतल्यावानी!"

"चाचा, पंप बंद करा!"

पंप थांबला. फोनवर काही क्षण नुसती घरघर. मग वहिनी म्हणाली, "आता घेऊन राह्यले श्वास."

"गॅस भरा," रेणुका म्हणाली.

"लीक पाह्यल्याबिगर?"

"भरा म्हणते ना!"

गॅस आत गेला. गाडी सुरू केल्यावर थंड हवा आली. काटा एका जागी थांबला.

"झोपले, ताई," फोनवर वहिनी म्हणाली. "एकदम शांत."

गुलाम रसूलने मान वर न करता बॉनेट लावलं.

घरी पोचल्यावर तिने आबांसाठी गाडी गार राहावी म्हणून अंगणात ती चालूच ठेवली. वहिनी दवाखान्याची पिशवी घेऊन बाहेर गेली.

आत खाटेवर आबांचा चेहरा निवांत होता. रेणुकाने त्यांच्या नाकाशी हात धरला.

गार हवा येत होती. एकसारखी. अडखळ नाही, सुस्कारा नाही.

ही हवा पुन्हा आत ओढली जायची रेणुका वाट पाहत राहिली. हवा आत गेलीच नाही. छातीही हलत नव्हती.

आबांनी डोळे उघडले.

"बरं वाटून राह्यलं, बाई," ते म्हणाले.

"ताई, गाडी चालूच हाये," अंगणातून वहिनीचा आवाज आला. "बंद करते मी."

"नको!" रेणुका ओरडली.

बाहेर गाडीचं दार उघडलं. आबांची बोटं तिच्या मनगटाभोवती आवळली.