डाव्या बाहीचं रफू

आधी ती बॅटरी बंद कर, डोळ्यांत येतेय. आणि गच्चीचं दार लोटून घ्या रे कुणीतरी, वारा फार आहे. म्हणे काका, एवढ्या थंडीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट का घालता? सांगतो ना. तुम्ही मंडळी जिन्याखालच्या त्या कुत्रीला लांब सोडून यायचा बेत करताय, हे मला कळलंय. म्हणून तर सांगतोय. ही ऐकीव गोष्ट नाही हं. माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तो माणूस मी जवळजवळ रोज पाहत होतो.

नोव्हेंबर संपत आला होता. संध्याकाळी मी एक कोट घेऊन ह्या माणसाकडे, म्हणजे रफूवाल्याकडे, निघालो होतो. तेव्हा माझं कपडे धुण्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या पँटला इस्त्रीचा चटका बसला, कोट उंदरानं कुरतडला, की मी तोंड लपवत ह्याचे तीन जिने चढायचो. बाजारात त्याला सगळे बेमालूम म्हणायचे. कारण त्यानं बुजवलेलं भोक कुणाच्या बापाला सापडायचं नाही. बाहेरचा धागा तो कधी वापरत नसे. म्हणायचा, "बाहेरचा धागा कितीही जुळवा, उन्हात गेला की चुगली करतो." मग काय करायचा? त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा उपसून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणायचा. शेवटी डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवायचा. बोटाला कळलं नाही तरच काम झालं. कळलं तर सगळं उसवून पुन्हा.

दोन खोल्यांचं घर. खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग आणि सुया टोचलेली उशी, टेबलाखाली ठिगळ्या. ठिगळ्या म्हणजे त्याचा कुत्रा. सगळा पांढरा, पाठीवर एकच काळा चौकोन. ज्या माणसाला ठिगळ हा शब्द शिवीसारखा वाटायचा, त्याच्या कुत्र्याचं हे नाव! बायकोनं मुद्दाम ठेवलं होतं, नवऱ्याला चिडवायला. शिंप्याच्या चिंध्यांच्या पोत्यात पिल्लू सापडलं, ते तिनं पदराखाली घालून घरी आणलं. पुढे ती आजारी पडली, आणि जाताना एवढंच म्हणाली, "ह्याला टाकू नका." ह्यानं तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

ती गेली त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ठिगळ्या दिवसभर मालकाच्या पायांवर पडून असायचा. थंडीच्या दिवसांत बरोब्बर साडेसहाला खिडकीतला उजेड गेला, की उठायचा, मालकाच्या तपकिरी लोकरी कोटाची डावी बाही दातांत धरायचा आणि ओढायचा. चला, पुरे झालं, फिरायला चला. घड्याळ चुकेल, पण तो चुकायचा नाही. बाहीला चार बारीक भोकं पडायची. रविवारी हा शिव्या घालत ती बुजवायचा, सोमवारी तो पुन्हा पाडायचा. पिल्लू होता तेव्हापासून, नऊ वर्षं हेच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर दोघंही त्यात खूश होते.

त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते, तरी हा बसूनच. ठिगळ्या बाही ओढतोय आणि ह्याचं लक्ष नाही.

"लेक बोलावतेय," तो म्हणाला. "तिच्याकडे राहायला. वेगळी खोली देते म्हणाली."

"मग अडलंय कुठं? गुडघे गेले, नजर गेली. एकट्यानं हे तीन जिने किती दिवस चढणार आहेस?"

"नातीला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. दम लागतो पोरीला. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही या, पण ठिगळ्या नको."

त्यानं पंधरा दिवस सगळ्यांचे उंबरठे झिजवले. पण नऊ वर्षांचं म्हातारं कुत्रं घेतो कोण? पिल्लू असतं तर लोकांनी उड्या मारल्या असत्या. शेवटी त्यानं मला विचारलं, आणि मी... मी काय बोलून गेलो बघा. म्हणालो, "नदीपलीकडे कारखाने आहेत. तिथं कँटीन आहे, उरलंसुरलं मिळतं. दहा कुत्री जगतात तिथं, अकरावा जगेल. माझी व्हॅन आहेच."

बारा डिसेंबर, गुरुवार. रात्रीचे सव्वानऊ.

ठिगळ्याला वाटलं, फिरायलाच निघालोय. सगळा रस्ता खिडकीच्या काचेला नाक लावून बसला होता. कारखान्याच्या भिंतीशी मी गाडी थांबवली. ह्यानं बिस्किटांचा अख्खा पुडा जमिनीवर ओतला आणि वळला. ठिगळ्यानं बिस्किटांकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे आला आणि नेहमीची डावी बाही धरली. ह्यानं हात सोडवला. त्यानं पुन्हा धरली. मग ह्यानं डोळे मिटून हिसका दिला. टर्रकन आवाज झाला. लोकरीचा तुकडा तिकडे त्याच्या दातांत राहिला आणि हा गाडीत चढला.

"चल," म्हणाला. "चल लवकर."

मी गाडी मारली. परतीच्या रस्त्यावर तो एकदाही मागं वळला नाही. आरसा माझ्या बाजूला होता.

पुढच्याच रविवारी तो लेकीकडे राहायला गेला. अकरावा मजला, लिफ्ट, खिडकीतून अर्धं शहर दिसायचं. लेकीला त्यानं सांगितलं, ठिगळ्याला एका चांगल्या कुटुंबात दिलाय, मोठं अंगण आहे. सहा वर्षांची नात रोज विचारायची, आजोबा, ठिगळ्या काय करतो तिकडे? हा रोज नवं सांगायचा. चेंडू आणतो. पाइपच्या पाण्यात उड्या मारतो. सगळ्या ठिगळ्याच्याच खऱ्या सवयी, फक्त अंगण खोटं. खोटंसुद्धा आतलाच धागा उपसून विणायचा हा माणूस. लेकीला कळलं नाही, नातीला कळलं नाही. नातीनं त्या अंगणाचं चित्र काढून फ्रिजवर लावलं.

फाटलेली बाहीही त्यानं तशीच भरून काढली. कोटाच्या खालच्या दुमडीतून धागे काढले, चार दिवस खपला. डोळे मिटून बोट फिरवलं. बोटाला काही कळलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो खिडकीशी बसला होता. नात जमिनीवर चित्र रंगवत होती. उजेड गेला. आणि नातीला शिंक आली. एक... दोन... तीन... थांबेचनात.

लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, कुठल्या कुत्र्याला हात लावून आलात का?"

"नाही गं," तो म्हणाला. आणि त्याचा डावा हात खाली ओढला गेला.

जोरात नाही. हलकेच. चला, पुरे झालं...

त्याला वाटलं, बाही खुर्चीच्या खिळ्यात अडकली. पाहिलं तर खुर्ची प्लॅस्टिकची. बाहीला चार बारीक भोकं होती. त्यानं बोट फिरवलं, तर बोट ओलं झालं.

त्या रात्री बसून त्यानं भोकं बुजवली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला शिंका आल्या, हात ओढला गेला, भोकं पडली. तिसऱ्या दिवशी तेच. कोट काढून ठेवला तर खुंटीवरच्या कोटाची बाही हलायची. कपाटात कोंडला तर कपाट आतून खरवडल्यासारखं वाजायचं. म्हणून मग तो कोट घालूनच बसायचा. कुणाला सांगणार? आणि सांगायचं काय? रोज रात्री दुमडीतला धागा काढायचा, रोज भोकं भरायची. खालची दुमड संपली. खिशांच्या आतली संपली. पाठीची शिवण संपली.

लेक हसायची. "बाबा, कोट आखूड झाला की तुम्ही उंच झालात?"

मग एका संध्याकाळी नातीनं चित्रातून मान वर केली आणि सहज विचारलं, "आजोबा, तुमचा हात कोण ओढतंय?"

त्याच रात्री त्यानं मला फोन केला. आवाज ओळखूच येईना. एवढंच म्हणाला, "गाडी काढ. त्याला परत आणायचंय. लेकीनं ठेवलं नाही तर मी त्याच्याबरोबर रस्त्यावर राहीन."

तेवीस जानेवारी. गुरुवारच. पावणेदहा वाजले होते.

कारखान्याचं फाटक बंद. धुकं होतं. पहारेकरी शेकोटीशी बसला होता. ह्यानं हातानं दाखवत विचारलं, "एवढा... पांढरा... पाठीवर काळा चौकोन..."

पहारेकऱ्यानं मान वर केली. "तो होय? तो त्याच रात्री गेला हो. कुणीतरी हलकट गाडीतून सोडून गेले. त्यांच्या गाडीमागं धावला बिचारा, थेट पुलापर्यंत. मागून ट्रक आला." त्यानं शेकोटीत एक काटकी सारली. "तोंडात लोकरीचा तुकडा होता. दात इतके घट्ट, की सुटेना. तसाच पुरला मी."



त्यानं भिंतीच्या कडेचा एक उंचवटा दाखवला. हा जाऊन त्याच्यापाशी बसला. किती वेळ... मला आठवत नाही. शेकोटी विझत आली. मग त्यानं कोट काढला. आता तो कोट कसला, नुसतं पोतेरं राहिलं होतं. तो त्यानं त्या मातीवर पसरला. डावी बाही वर ठेवली. मातीवरून हात फिरवला.

गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "आरसा तुझ्या बाजूला होता. तुला दिसला होता का रे तो... धावताना?"

"नाही," मी म्हणालो.

तो घरी गेला आणि लेकीला, नातीला बसवून सगळं खरं सांगितलं. काही राखलं नाही. त्या दिवसापासून त्याला पुन्हा काही झालं नाही. साडेसहा वाजायचे, उजेड जायचा, हात जागच्या जागी. पण नातीनं फ्रिजवरचं चित्र काढून फाडून टाकलं, आणि ती पोर पुन्हा कधी त्याच्या मांडीवर बसली नाही. लेक जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, आणि दार लोटून घ्यायची. दोन वर्षांनी तो गेला. एका खोलीसाठी त्यानं बायकोला दिलेला शब्द मोडला होता, पोरांनो, आणि त्याला खोली मिळाली. फक्त खोलीच मिळाली.

झाली गोष्ट. चला, उठा...

काय?

शर्टाचं काय... हं.

चोवीस जानेवारी, शुक्रवार. म्हणजे त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी दुकानात बिलं फाडत होतो. अंगात स्वेटर होता. साडेसहा वाजले. डावी बाही... ओढली गेली.

त्यानं सगळं कबूल केलं होतं ना. मी केलं नव्हतं. मला आरशात दिसला होता रे तो. जीव खाऊन धावत होता. तोंडात तो तुकडा. मी ब्रेकवर पाय ठेवलासुद्धा होता. मग मनात म्हटलं, थांबलो तर हा रडेल, कुत्र्याला परत घेईल, आणि माझी सगळी रात्र फुकट जाईल. मी गाडी पळवली. मागं ट्रकचे दिवे आले. मग आरशात काहीच उरलं नाही. मी रेडिओ मोठा केला...

स्वेटर टाकले. पूर्ण बाह्यांचे शर्ट वाटून टाकले. म्हटलं, बाहीच नसली तर धरेल काय?

चौदा वर्षं झाली. आज पहिल्यांदा सांगतोय कुणाला.

बॅटरी लाव आता. इकडे धर. ह्या मनगटावर. चार आहेत का, मोज... घाबरू नकोस, दुखत नाही. साडेसहाचे आहेत, आता साडेदहा झाले. चार तास झाले ना?

बोट लावून बघ. अजून ओलं आहे.