सीटवरचं प्लॅस्टिक

ही गोष्ट माझ्याच कुटुंबात घडलेली आहे. ऐकीव नाही, मित्राच्या मित्राचीही नाही. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. मीही हसलो असतो.

आणि आधीच सांगतो, रात्र नव्हती. सुनसान रस्ता नव्हता. रणरणती दुपार होती, आणि जागा म्हणजे माझ्या दाजींच्या घराखालचं गॅरेज. पत्र्याचं शटर, एक ट्यूबलाइट, आणि मधोमध ती पांढरी गाडी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशातला माणूस. गाडी घेतली त्याच दिवशी त्यांनी आमच्यापुढे ज्ञान पाजळलं होतं. गाडी शोरूमच्या दाराबाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते, आणि किलोमीटर वाढतील तशी आणखी उतरते. मग यावर उपाय काय?

गाडी चालवायचीच नाही.

सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्यांनी काढलं नाही. उद्या विकताना कोरी दिसायला हवी ना. रोज सकाळी फडकं मारायचे, बोनेटमध्ये तोंड बघून भांग पाडायचे. त्याच्या निम्मं लक्ष बायकोकडे दिलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

ताईला गाडी चालवता यायची. लग्नाआधीच शिकली होती. आमच्या आईचे गुडघे गेलेले, तिला प्रवास झेपायचा नाही. ताईचं एकच म्हणणं असायचं, एकदा गाडीने माहेरी जाते, आईला जरा चक्कर मारून आणते. दाजींचं उत्तर ठरलेलं.

"जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर होतात. किंमत उतरली तर भरून कोण देणार, तुझा भाऊ?"

ती दोन बस बदलून यायची. पुढे तब्येत ढासळली, तशी तेही बंद झालं. आई मात्र जेवण झालं की खिडकीत खुर्ची ओढून बसायची.

सर्व्हिसिंगचीही तीच कथा. मेकॅनिकने एकदा फोन करून सांगितलं होतं, उभी गाडीसुद्धा खराब होते, ऑइल जुनं होतं, बॅटरी उतरते, टायर कडक पडतात. दाजींनी तो फोन आम्हाला विनोद म्हणून सांगितला. जी गाडी चाललीच नाही तिची सर्व्हिसिंग कसली? वरून पॉलिश, आतून बोंब. बडा घर पोकळ वासा.

मग ती दुपार आली.

ताईच्या छातीत कळ आली. दाजी घाबरले, हे मी मान्य करतो. त्यांनी तिला धरून खाली आणलं, गाडीत बसवलं, किल्ली फिरवली...

टक्.

पुन्हा फिरवली.

टक्.

बॅटरी कधीच मेली होती. शेजाऱ्याची गाडी येईपर्यंत ताई त्या प्लॅस्टिकवरच गेली. जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर निवांत टेकली, तीही अशी.

गाडी नवीकोरी होती. फक्त चालू झाली नाही.

ताईचं सगळं उरकलं, आणि दाजींनी गाडी विकायला काढली. मेलेली बॅटरी काढून भंगारवाल्याला दिली. नवी बॅटरी काही घातली नाही, घेणारा घालील म्हणाले. त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण दलाल येणार होता आणि शटर जड होतं.

दलालाने दार उघडून आत वाकून पाहिलं. मीटर जुन्या पद्धतीचा, आकड्यांची चाकं फिरणारा. त्याने आकडा वाचला.

दाजींचा चेहरा पडला. त्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवायची नाही, पण मीटरचा आकडा तोंडपाठ होता. आकडा जास्त होता.

चौऱ्याऐंशीने.

दलाल हसला आणि उद्या फोन करतो म्हणून गेला, तो गेलाच. दाजींनी माझ्यावर आळ घेतला. मी बोनेट उघडून दाखवलं. बॅटरीच्या जागी नुसती गंजलेली पट्टी होती. तेव्हा मलाही वाटलं, यांनीच आकडा चुकीचा लक्षात ठेवला असणार.

संध्याकाळी घरी आलो. ओट्यावर चहाचे दोन कप होते. एक रिकामा, एक भरलेला. निवलेला.

आईला विचारलं, कोण आलं होतं?

"ताई येऊन गेली," आई म्हणाली. अगदी सहज.

लेक गेलेली बाई काहीही बोलते, असं वाटलं. मी कप विसळायला घेतला, आणि मागून आई म्हणाली...

"जावईबापूंना सांग रे, सीटवरचं ते प्लॅस्टिक काढा म्हणावं. बसलं की चुरचुर आवाज होतो. तिला लाज वाटते."



आईने ती गाडी कधी पाहिलीच नव्हती. प्लॅस्टिकचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ताईने तर मरेपर्यंत नवऱ्याची एकही गोष्ट माहेरी सांगितली नाही.

त्यानंतर दाजींचे फोन सुरू झाले. त्यांनी शटरला दुसरं कुलूप लावलं, किल्ल्या उशाशी ठेवल्या. तरी आकडा वाढत होता. दर वेळी तेवढाच. शेवटी एका दुपारी त्यांनी मला घेऊन पहारा द्यायचं ठरवलं. आम्ही शटरबाहेर खुर्च्या टाकून बसलो. कुलपं जागच्या जागी होती. आतून काहीही ऐकू आलं नाही. इंजिन नाही, दार नाही.

मग एकदम...

चुर्र...

कुणीतरी प्लॅस्टिकवर हललं होतं.

दाजींनी कुलपं उघडली आणि मी शटर वर ढकललं. आत कुणी नव्हतं. मी बोनेटला हात लावला आणि मागे घेतला. चटका बसला होता. आतून टिक... टिक... आवाज येत होता, लांबून आलेली गाडी निवताना येतो तसा. आणि ड्रायव्हरच्या सीटवरचं प्लॅस्टिक दबलेलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत तो खळगा हळूहळू भरत आला.

माझ्या तोंडून नुसतं "ताई" निघालं.

दाजींनी खिडकीतून मीटरवर नजर टाकली.

"परत चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. "आता कोण घेतंय ही?"

मला भुताची भीती वाटली नाही. या माणसाची वाटली. किळसही आली, खोटं कशाला बोलू.

गाडी मीच घेतली. भंगाराच्या भावात, आणि त्यातही त्यांनी घासाघीस केलीच. नवी बॅटरी घातली, ऑइल बदललं, टायर, ब्रेक सगळं करून घेतलं. प्लॅस्टिक ओढून काढलं, पण का कोण जाणे, टाकवलं नाही. टोइंग करून गाडी आमच्या दारात आणली, कारण चालवायची मला हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून मीटर थांबला.

ताई पोचली होती. आई दुपारी खिडकीशी हळू आवाजात बोलत बसायची. मी मेकॅनिकला घरी बोलावून वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करून घ्यायचो. मेकॅनिक म्हणायचा, साहेब, चालवत नाही आणि खर्च कशाला? मी म्हणायचो, लागते कधीतरी.

दोन हिवाळे असे गेले. मग आईही गेली. झोपेतच, शांतपणे.

मला वाटलं, संपलं सगळं.

गेल्या महिन्यात सहज मीटर पाहिला...

आकडा वाढला होता. चौऱ्याऐंशीने.

आमच्या दारातून जाऊन-येऊन तेवढं अंतर होईल, असं एकच घर आहे.

पुढच्या दोन्ही सीटवर खळगे होते. ड्रायव्हरच्या, आणि बाजूच्याही. आईची चक्कर राहिली होती ना.

चार दिवसांनी दाजींचा फोन आला. आवाज कापत होता. विचारत होते, तुझी गाडी दुपारची माझ्या दाराशी येऊन उभी राहते का? हॉर्न वाजतो, खाली उतरलं की कुणी नसतं.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडी दारातच होती. बोनेटवरची हवा थरथरत होती.

"नाही हो दाजी," मी म्हणालो. "माझी गाडी कुठे चालते?"

त्यानंतर मी मेकॅनिकला पुन्हा घरी बोलावून गाडी दाखवली. बॅटरी तपासली, ब्रेक तपासले. त्या दोघींना वाटेत दगा होता कामा नये.

मागची सीट अजून रिकामी आहे.

तिच्यावर मी काल ते जुनं प्लॅस्टिक पुन्हा चढवलं. का चढवलं, मला सांगता येत नाही. हात आपोआप चालत होते, एवढं खरं.

दाजींना ते तसंच आवडतं.